आंघोळ नाही तर ताट नाही

बदलापुरात, कात्रपच्या चौकात, गेला आठवडाभर सबनीस काकांचा फ्लेक्स लागलेला आहे. फोटोत ते हसताहेत. चार दिवाळ्या मी त्यांच्या हाताखाली राबले, पण त्यांना हसताना पाहिलं नाही. फोटो कुठल्या तरी लग्नातला असावा. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘भुकेल्यांचा आधार हरपला’. फ्लेक्स लावणारी सोसायटी तीच, जिनं त्यांना शेवटच्या दिवाळीला पटांगण दिलं नव्हतं. मेलेल्या माणसाला जागा द्यायला कुणाचं काय जातं?

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील कारखान्यात मशीनवर होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत गादीखाली, पत्र्याच्या ट्रंकेवर, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे असत. मोठ्या अक्षरांत छापलेला खोटा शब्द मला सहन होत नाही. त्या फ्लेक्सवरचा ‘आधार’ खोटा आहे. ‘भुकेल्यांचा’ मात्र खरा आहे, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

सबनीस काका म्हटलं की मला त्यांचा चेहरा नाही, उजव्या हाताचा अंगठा आठवतो. धुतलेलं ताट ते हातात घ्यायचे, उलटं करायचे आणि त्याच्या पाठीवरून अंगठा दाबून ओढायचे. ताट नीट धुतलेलं असेल तर कुईं असा बारीक आवाज येई. ‘ताट बोललं पाहिजे,’ ते म्हणत. एखादं मुकं निघालं तर ते एकटं परत जात नसे. वीस ताटांची अख्खी चळत परत जाई, आणि धुणाऱ्यानं ती पुन्हा पहिल्यापासून घासायची.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात काकांनी तीस वर्षं कँटीन चालवलं. माझे वडील त्याच कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी कपाटं नेली. काकांनी कँटीनची खणांची स्टीलची ताटं नेली. प्रत्येक ताटाच्या पाठीवर नंबर ठोकलेला होता. त्यांच्या कात्रपच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळशीमागे ती गोणपाटाखाली रचून ठेवलेली असत. शेजारी त्यांना विचारत की भंगारवाल्याला कधी बोलावताय. काका उत्तर देत नसत. ती ताटं वर्षातून एकदाच बाहेर निघत, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी.

त्या दिवशी स्टेशनबाहेर, उड्डाणपुलाखाली, बेलवलीच्या बाजूला बंद दुकानांच्या ओट्यांवर झोपणाऱ्या माणसांना ते जेवायला घालत. आठवडाभर आधी स्वतः पायी फिरून आमंत्रण देत. एकेकासमोर उभं राहून, नाव घेऊन, लग्नाचं बोलावणं करावं तसं. कुणाला दात नाहीत, कुणाला तिखट चालत नाही, मागच्या वर्षी कोण किती पुऱ्या जेवला होता, सगळं त्यांच्या डोक्यात असे. आमंत्रणाचं शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांना सारखंच होतं : ‘आठ वाजता. आंघोळ नाही तर ताट नाही.’

सोसायटीच्या पटांगणात एका कडेला तीन चुली पेटत आणि त्यांवर पाण्याची पिंपं चढत. ताडपत्री लावून बायकांची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. एक न्हावी खुर्ची घेऊन बसलेला. तेल, उटणं, साबण, नवे कपडे. काका गळ्यात शिट्टी घालून उभे असत. शिट्टी वाजली की पाच जणांनी आत जायचं, पुन्हा वाजली की बाहेर यायचं. बाहेर आल्यावर हात पुढे करायचे. काका नखं बघत. मग डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, कारण नरकासुर मारल्याशिवाय दिवाळी कसली! मुन्सिपाल्टीचा माणूस ज्यांच्या अंगावर सकाळी पाणी ओतून उठवतो, त्या माणसांकडून काका नरकासुर मारून घेत. आणि एवढं सगळं झाल्यावरही जेवण नसे. शेवटचा माणूस धुऊन बाहेर येईपर्यंत पहिल्यानं चटईवर थांबायचं. ओल्या केसांनी, रिकाम्या पोटानं, शेजारच्या कढईतल्या पुऱ्यांचा वास घेत दीड-दोन तास.

नवे कपडे उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून येत. त्याचा जीन्सचा कारखाना होता. माझ्या पहिल्या वर्षी तो स्वतः पँटचे गठ्ठे घेऊन आला होता. चटईवर कुडकुडत बसलेली माणसं बघून तो काकांना बाजूला घेऊन म्हणाला, ‘साईं, पहले खिला दो ना. नहाना तो बाद में भी हो जाता है.’

‘भाईसाब, आप कपडा देखो,’ काका म्हणाले. ‘खाना मेरा डिपार्टमेंट है.’

नंतर माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘भुकेला घाई असते. आपल्याला नसावी.’ हे त्यांचं आवडतं वाक्य. मी तेव्हा कॉलेजात होते. ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या, शत्रूचं म्हणून.

पण जेवण! त्याबद्दल खोटं लिहिता येणार नाही. मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, गरम पुऱ्या, कोशिंबीर, जिलबी, आणि काकूंनी आठवडाभर राबून केलेलं फराळाचं. देवळाबाहेर वाटतात तसली पाणचट खिचडी नाही, लग्नातला उरलेला आंबूस भात नाही. ‘भिकाऱ्याला भिकाऱ्याचं अन्न घालणारा मी नव्हे,’ ते म्हणत, आणि तसं वागत. वाढपी म्हणून आम्ही कॉलेजातली दहाबारा पोरं होतो, पण पहिलं ताट ते स्वतःच्या हातानं प्रत्येकापुढे ठेवत. सगळे उठल्यावर, सगळ्यात शेवटी, तेच जेवण त्याच ताटात घेऊन जेवत. कँटीनमधली सवय. ताटात शीतसुद्धा टाकत नसत. शेवटी बोटानं खण पुसून घेत.

पहिल्या वर्षीची दुसरी गोष्ट शांताबाईची. ती स्टेशनच्या जिन्याखाली झोपायची. आंघोळीनंतर जुने कपडे गोणीत भरून काका पटांगणाच्या कोपऱ्यात जाळत, उवा नि पिसवा नकोत म्हणून. शांताबाई नवं लुगडं नेसून चटईवर बसली, आणि मग तिनं कमरेला हात लावला. तिच्या जुन्या लुगड्याच्या गाठीत एक चिठ्ठी होती. मुलाचा फोन नंबर होता त्यावर. मुलगा गुजरातकडे कामाला गेला होता. तिला वाचता येत नव्हतं, आणि नंबर पाठही नव्हता. ती जाळाकडे धावली. गोणी अर्धी राख झाली होती. ती काठीनं राख उकरत राहिली. जेवली नाही.

काका तिच्यापाशी गेले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, ‘गाठ सोडून द्यायची असते. आत काही आहे हे सांगायला पाहिजे होतं तुम्ही.’ आणि मग, ‘नवं लुगडं मिळालं ना?’

शांताबाई पुन्हा कधी आली नाही. पुढच्या वर्षी मात्र ताडपत्रीबाहेर एक टेबल आलं होतं, त्यावर नंबर घातलेल्या कापडी पिशव्या. आत जाण्याआधी गाठी सोडून सगळं पिशवीत टाकायचं, बाहेर आल्यावर परत घ्यायचं. काकांनी त्याबद्दल एक शब्द उच्चारला नाही. चुकीची माफी मागणारा माणूस नव्हताच तो. चूक झाली की त्यावर तो एक नवा नियम बसवायचा.

त्याच दुसऱ्या वर्षी बारकू आला.

सगळे धुऊन, पुसून, एकसारख्या निळ्या पँटी घालून बसले होते. तेवढ्यात एक वाळका म्हातारा आला आणि चटईच्या टोकाला मांडी घालून बसला. अंगावर मळून तपकिरी झालेला सदरा. हात मात्र वेगळेच होते. बोटं पांढरट, सुरकुतलेली, जणू आत्ताच पाण्यातून काढलेली. काका ताटांची चळत घेऊन रांगेतून येत होते. प्रत्येकापुढे थांबून, नाव घेऊन ताट ठेवत होते. त्याच्यापुढे आले तेव्हा नाव घेतलं नाही.

‘आंघोळ?’

‘नाय केली.’

‘पाणी गरम आहे. जा.’

‘नाय करनार.’

‘मग ताट नाही.’

‘बरा,’ बारकू म्हणाला, आणि बसून राहिला.

सगळी पंगत त्याच्या शेजारी जेवली. त्याच्यापुढे रिकामी चटई. तो इकडेतिकडे बघत नव्हता, मागत नव्हता. शेजारच्या बाईला राहवलं नाही, तिनं पदराआडून एक पुरी त्याच्या हातात सरकवली. काकांचं लक्ष होतंच. ते आले आणि त्यांनी नुसता तळवा पुढे केला, वर्गात मास्तर पोराच्या तोंडातला चिंचोका मागतात तसा. बारकूनं पुरी त्या तळव्यावर ठेवली. काकांनी ती खरकट्याच्या पिंपात टाकली. सत्तरऐंशी माणसं बघत होती. मीही बघत होते. कुणी काही बोललं नाही. बघणाऱ्यांची तोंडं पुऱ्यांनी भरलेली होती हे खरं, पण माझं तर रिकामं होतं.

पंगत उठल्यावर बारकू ताटं धुण्याच्या जागी आला. मी तिथे होते. त्यानं एक ताट उचललं, नंबर बघितला आणि म्हणाला, ‘या माज्या ताटल्या. बावीस वर्सा मी धुतल्यात.’

मला वाटलं म्हातारा बरळतोय. त्यानं स्वतःची ती पांढरी बोटं माझ्यापुढे धरली. ‘माजे हात बावीस वर्सा पान्यात व्हते. आता ह्यो मना आंगोल शिकवतो.’

तिसऱ्या वर्षी तो परत आला. तीच जागा, तोच सदरा, काकांची तीच तीन वाक्यं आणि त्याची तीच तीन उत्तरं. या वेळी मी थांबले नाही. ताट वाढून घेतलं आणि नेऊन त्याच्यापुढे ठेवलं. काकांनी ते माझ्या डोळ्यांदेखत उचललं.

‘तुला वाढायचं तर तुझ्या घरी नेऊन वाढ. इथे नियम आहे.’

मी म्हणाले की माणूस भुकेला आहे, याहून मोठा नियम कुठला?

‘तो भुकेला नाही. हट्टी आहे,’ काका म्हणाले. ‘हट्टाला मी जेवण घालत नाही.’

मी वाद वाढवणार होते, पण बारकूनंच माझा हात धरला. ‘रावू दे पोरी. तुज्या हातचा नको मना. मना ह्याच्या हातचा पायजे. एकदा.’

त्या दिवशी मला कळलं की हा म्हातारा जेवायला येतच नाही. जेवण त्याला कुठेही मिळालं असतं. दिवाळीत अर्ध्या बदलापूरला पुण्य हवं असतं. त्याला काकांच्या हातून ताट हवं होतं, आणि ते मळक्या सदऱ्यावर, आहे तसं हवं होतं. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं ते मला ठाऊकच आहे. पाणी! पाण्यावरून आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या काय काय ऐकवलं गेलं आहे. विहिरीवर चढू नका, आधी शुद्ध व्हा, मग बघू. आज शहरात तेच वाक्य साबणाचा वास लावून येतं. आधी आंघोळ, मग ताट. मी त्या रागात घरी आले आणि पत्रक लिहायला बसले.

पत्रकाचं नाव होतं ‘आधी ताट!’. खाली आठ मुद्दे. आंघोळ हा हक्क आहे, अट नाही. अन्न बक्षीस म्हणून देणं हा अपमान आहे. जाळलेल्या लुगड्याचाही मुद्दा होता. पुढच्या दिवाळीच्या तीन आठवडे आधी आम्ही ते कात्रप आणि हेंद्रेपाड्यात घरोघर टाकलं. मला वाटत होतं काकांना लाज वाटेल, सोसायटी त्यांना जाब विचारेल, नियम सुटेल आणि बारकूला ताट मिळेल.

सोसायटीची बैठक झाली. सेक्रेटरीनं माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला की बघा, ज्यांच्यासाठी करतो त्यांनाच हे नकोय, आता यापुढे पटांगण देता येणार नाही. टाळ्या पडल्या म्हणे. ते लोक कितीतरी वर्षं कारण शोधत होते. नव्या टाइल्सवर ही माणसं बसतात, मुलं खाली खेळायला घाबरतात, नंतर दोन दिवस वास येतो. त्यांना हे स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. मी ते त्यांना सुवाच्य अक्षरांत छापून दिलं. आठ मुद्द्यांसकट.

दोन दिवसांनी सबनीस काका अंबरनाथला आमच्या घरी आले. हातात पत्रक होतं. वडील खुर्चीत बसून चहा पीत होते. काका दारात दिसताच वडील कप खाली ठेवून ताडकन उभे राहिले. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली होती आणि काका कधी त्यांचे साहेब नव्हतेच, नुसते कँटीनचे मॅनेजर होते. तरी ते उभे राहिले. मी आयुष्यात प्रथमच माझ्या वडिलांना कुणासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं.

काका बसले नाहीत. मला म्हणाले, ‘तुझ्या कागदानं ऐंशी माणसांचं जेवण गेलं. आता घालतेस तू?’

मी त्यांच्या हातातल्या पत्रकाकडे बघितलं.

‘नाही जमणार. म्हणून मीच घालतोय. पुलाखाली. आठ वाजता वाढायला ये.’

मी विचारलं, ‘आणि आंघोळ?’

‘तिथे पाणी कुठे आहे?’ ते म्हणाले. ‘तुझी मागणी मान्य झाली असं समज.’

जाताना त्यांनी वडिलांकडे बघितलं, आणि नंतर टेबलावरच्या ताटलीकडे. चहाबरोबरची बिस्किटं होती तिच्यात. क्षणभर मला वाटलं ते ती उचलून उलटी करतील. पण ते गेले.

वडील बराच वेळ उभेच होते. मग बसले आणि म्हणाले, ‘तू सांगतेस तो ताट न मिळणारा म्हातारा, बारकू आहे का गं?’

त्यांनी मला सांगितलं ते असं. कँटीनमध्ये उरलेलं सगळं खरकटं एका पिंपात जायचं आणि संध्याकाळी एक जण ते डुकरांसाठी घेऊन जायचा. कुणीही त्यातलं काही खायचं नाही, घरी न्यायचं नाही, हा काकांचा नियम. एका दिवाळीला कारखान्यात खास जेवण होतं. बारकू ताटं धुत होता. कुणाच्या तरी परत आलेल्या ताटात अख्खी जिलबी होती. त्यानं ती तोंडात टाकली. काकांनी पाहिलं. त्यांनी एक स्टूल मागवलं, ते जेवणाच्या हॉलच्या मधोमध ठेवलं आणि बारकूला ते उष्टं ताट हातात देऊन त्यावर उभं केलं. ‘हा तुमचं उष्टं खातो. नीट बघून घ्या,’ असं म्हणाले. तीन पाळ्या जेवून गेल्या तरी बारकू उभा होता. तिसऱ्या पाळीला त्यानं वरूनच विचारलं, ‘सायेब, डुकरांना देता, मग मना का नाय?’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काही नाही. सबनीसांना उत्तर आलं नाही. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. कुणीतरी हसलं, पण बारकूला नाही, त्यांना हसलं. संध्याकाळी त्याला काढून टाकला.’

‘आणि तुम्ही?’

वडील म्हणाले, ‘मी दुसऱ्या पाळीला होतो. जेवत होतो.’

मी विचारलं की पत्रक काढलं नाही? युनियननं काहीच केलं नाही? त्यांनी मान हलवली. ‘कंत्राटी होता तो. आपला मेंबर नव्हता.’ त्यांनी कपातला गार चहा संपवला आणि पुन्हा म्हणाले, जणू हिशेब नीट लागत नव्हता, ‘मेंबर नव्हता गं.’

ज्या पत्रकांवर मी वाचायला शिकले त्यांत त्या दिवसाचं पत्रक नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला काका टेंपोतून उड्डाणपुलाखाली आले. बरोबर जेवणाची पातेली, पिण्याच्या पाण्याचं एक पिंप आणि ताटं. शिट्टी नव्हती, उटणं नव्हतं, न्हावी नव्हता. पुलाच्या खांबांमधून चटया अंथरल्या. बाजूनं नाला वाहत होता, काठाला डुकरं लोळत होती. माणसं आपापल्या मळक्या कपड्यांत येऊन बसली. काही जणांनी सवयीनं हात पुढे करून नखं दाखवली. काकांनी बघितली नाहीत. मला आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटलं होतं हे लिहिलं पाहिजे.

बारकू शेवटी आला. मी त्याला ओळखलंच नाही. तो आंघोळ करून आला होता. उल्हास नदीवर जाऊन आला असावा. केस ओले, चापून बसवलेले. तोच सदरा, पण धुऊन पांढरट झालेला, अजून दमट. कुणी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी तशी अटही उरली नव्हती. तो ओळीच्या टोकाला बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

काका ताटं ठेवत आले. नाव घेऊन एकेकापुढे. त्याच्याआधीच्या माणसापुढे ताट ठेवलं आणि वळले.

‘सायेब,’ बारकू म्हणाला. ‘आज आंगोल करून आलूं.’

काका थांबले. पाठ त्याच्याकडेच होती.

‘ताटं संपली,’ ते म्हणाले.

मी टेंपोकडे बघितलं. एक ताट होतं. मी म्हणाले, ‘काका, एक आहे.’

‘ते माझं आहे.’

इतकी वर्षं तो नियम मी पाण्याचा समजत होते. जात म्हणा, शिस्त म्हणा, संस्कार म्हणा, मी आठ मुद्द्यांत त्याचा पंचनामा केला होता. आज पाणी नव्हतं, अट नव्हती, आणि माणूस तर धुऊन समोर बसला होता. तरी ताट नव्हतं. आंघोळीच्या नियमाच्या आड काय होतं ते आता उघडं पडलं होतं : एका स्टुलावरून आलेला एक प्रश्न, ज्याचं उत्तर त्या माणसाकडे तेव्हाही नव्हतं. त्यानं ऐंशी जणांना जेवू घातलं असेल, नाहीतर आठशे. पण ज्याला उत्तर देणं लागत होतं त्याला घातलं नाही.

बारकू माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बघितलास? पान्याचा नव्हता ता.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. पुराव्यासाठी फार लांबून आलेला आणि पुरावा मिळालेला माणूस बोलेल तसं तो बोलला.

पंगत उठली. काका टेंपोच्या मागच्या फळीवर बसले आणि आपलं ताट वाढून घेतलं. बारकू समोर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, पाच हातांवर, आणि बघत राहिला. काका जेवत होते. एक पुरी. भाताचे दोन घास. मान वर केली की समोर तो. त्यांनी बसण्याची बाजू बदलली नाही; तेवढा ताठा होता. पण घास मोठे होत गेले आणि चावणं लांबत गेलं. अर्धी पुरी आणि एक जिलबी ताटात राहिली. त्यांनी त्या जिलबीकडे बघितलं. आणि मग ते ताट, अर्धी पुरी नि जिलबीसकट, बारकूपुढे धरलं.

‘घे,’ म्हणाले.

तो अपमान होता की त्या माणसाला जमणारी सगळी माफी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा त्यांनाही आलं नसावं.

बारकू उठला. त्यानं ताट दोन्ही हातांनी घेतलं, अदबीनं. ते घेऊन तो नाल्याच्या काठाला गेला आणि डुकरांपुढे पालथं केलं. एक डुक्कर जिलबी घेऊन पळालं. मग तो पाण्याच्या पिंपापाशी आला, खाली बसला, खांबाजवळची कोरडी माती चिमटीनं घेतली आणि ताट घासायला लागला. एकेक खण, मग कड, मग पाठ. घाई नव्हती. तीनदा विसळलं. धुतलेल्या सदऱ्याच्या टोकानं कोरडं केलं आणि काकांच्या हातात परत दिलं.

‘बगा सायेब.’

काकांनी ताट उलटं केलं. अंगठा दाबून ओढला. पुलाखाली तो आवाज मोठा वाटला. त्यांनी जागा बदलून पुन्हा ओढला. पुन्हा तोच आवाज. बारकू तोवर रस्ता ओलांडून निघूनही गेला होता. आम्ही बाकीची ताटं चढवली, पातेली चढवली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. टेंपो पुलाच्या चढाला लागला तेव्हा काका मागच्या फळीवरच बसलेले होते. मांडीवर ते ताट पालथं होतं, मान खाली होती आणि अंगठा चालूच होता. कडेपासून कडेपर्यंत ते शोधत होते, एखादी तरी मुकी जागा सापडते का.